पुढचं अक्षर बघ

आमच्या घरातल्या मुलांचा दिवस तीन लिप्यांत जातो. फजरनंतर मक्तब, तिथे अरबी. मग शाळा, तिथे इंग्रजी आणि मराठी. संध्याकाळी दादीला उर्दू पेपरातल्या चार बातम्या वाचून दाखवायच्या. आणि बोलायला आपली कोकणी, जी कुठल्याच शाळेत कुणी शिकवत नाही. मुरूडपासून श्रीवर्धन-म्हसळ्यापर्यंतच्या बहुतेक मुस्लिम घरांत थोड्याफार फरकाने असेच चालते. त्यामुळे शाळेच्या डायरीत थोरलीच्या नावापुढे ‘स्पेलिंग कच्चे, शिकवणी लावावी’ असा शेरा आला, तेव्हा आम्हाला राग कमी आणि नवल जास्त वाटले. उजवीकडून डावीकडे आणि डावीकडून उजवीकडे, दोन्ही बाजूंनी सरसर वाचणारी मुलगी अक्षरांत कच्ची कशी?

आम्ही म्हणजे दोघी जावा. एकीचे शिक्षण उर्दूतून झाले, दुसरीचे मराठीतून. इंग्रजी दोघींचेही परीक्षेपुरते, तेही पाचवीपासून, कारण सर्व माध्यमांच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले ते २००० साली आणि तोवर आमची पहिली कधीच मागे पडली होती. घरातले पुरुष आखातात. मुलांचा अभ्यास आमच्याकडे, पण इंग्रजीची वही उघडली की आम्ही गप्प, असा घरात अलिखित नियमच होऊन बसला होता. शेऱ्याला खरे तर आम्ही इतके महत्त्व दिले नसते. पण पोरीत एक बदल दिसू लागला. ती इंग्रजी निबंधात मोठे शब्द टाळायला लागली. ‘ब्यूटिफुल’च्या जागी ‘गुड’, ‘हॅपिनेस’च्या जागी काहीच नाही. चूक होऊ नये म्हणून वाक्येच आखूड करायची. दहा-अकरा वर्षांचे मूल मनातले कमी करून कागदावर मावेल तेवढेच लिहू लागले, हे काही आम्हाला बरे वाटेना.

एका सुट्टीच्या दिवशी आम्ही तिच्या तीन वह्या समोर घेतल्या आणि लाल शाईचे सगळे शब्द एका कागदावर उतरवून काढले. चुका साठेक निघाल्या, पण जात एकच. ‘मेक’ बरोबर, ‘मेकिंग’ चूक, मधला ई तसाच ठेवलेला. ‘रन’ बरोबर, ‘रनिंग’ चूक, एन एकच. ‘कॅरी’ बरोबर, ‘कॅरीड’ चूक, वायला ईडी चिकटवलेला. ‘ब्यूटिफुल’च्या शेवटी दोन एल. ‘बिगिनिंग’मध्ये मधला एन एक. मूळ शब्द तिला येत होते. शेपूट लावताना मोडत होते. म्हणजे शब्द पक्के होते, सांधा कच्चा होता.

सांधा तर आपल्या सगळ्याच भाषांत असतो. ‘फूल’ लिहिताना लकाराआधीचा ऊ दीर्घ, ‘फुलाला’ लिहिताना ऱ्हस्व. ‘वकील’ पण ‘वकिलाला’, ‘गरीब’ पण ‘गरिबाला’. यातले वकील आणि गरीब हे तर अरबीतून आलेले पाहुणे. मराठीच्या घरात राहायचे तर मराठीचा कायदा पाळतात. हा कायदाही फार जुना नाही. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनाचे १४ नियम सरकारने १९६२ साली मान्य केले, १९७२ साली त्यांत आणखी ४ भरले. तेच १८ नियम आज शाळेत चालतात. त्यात अपवादही आहेत: ‘शरीर’ संस्कृतातून जसेच्या तसे आलेले, म्हणून ‘शरीराला’ लिहिताना री दीर्घच राहते. थोरली हे सगळे न अडखळता लिहिते. मग इंग्रजीच्या सांध्यालाच तिचा हात का थरथरतो? आमचे उत्तर असे, की मराठीचा सांधा तिला कानाने कळतो आणि इंग्रजीचा सांधा तिला कुणी कारणासकट सांगितलेलाच नाही. एकेक शब्द दहा-दहा वेळा लिहून काढा, एवढेच सांगितले. दहा वेळा लिहिलेला ‘रनिंग’ पाठ होतो, पण ‘स्विमिंग’ आला की पुन्हा शून्यापासून.

कारणाकडे आम्हाला नेले ते आमच्याच एका भाच्याच्या पत्राने. त्याने दुबईतल्या नोकरीसाठी अर्ज लिहिला आणि शेवटी, आपल्या उत्तराची आशा करतो, अशा अर्थाचे वाक्य घातले. ‘होपिंग’ लिहायचे होते, त्याने पी दोनदा लिहिला. झाले ‘हॉपिंग’. हॉप म्हणजे एका पायावर उड्या मारणे. म्हणजे साहेब, आपल्या उत्तराची वाट पाहत मी इथे लंगडी घालतो आहे. अर्ज पाठवण्याआधी कुणाच्या तरी नजरेस पडला म्हणून निभावले. घरात आठ दिवस हसणे चालले होते, पण त्या एका पीमध्ये सगळा धडा भरलेला आहे.

देवनागरीत ‘हो’ आणि ‘हॉ’ वेगळे लिहितात. काना-मात्रा स्वराचे काम चोख करतात. इंग्रजीकडे काना-मात्रा नाही. होपमध्येही ओ आणि हॉपमध्येही तोच ओ. मग वाचणाऱ्याला कळावे कसे? त्यासाठी इंग्रजीने पुढच्या अक्षरांनाच पहाऱ्याला बसवले आहे. एच-ओ-पी-ई मधला शेवटचा ई बोलला जात नाही. मागच्या ओला लांब उच्चारायला सांगणे एवढेच त्याचे काम. एच-ओ-पी मध्ये ई नाही, म्हणून ओ आखूड. आता दोघांना आयएनजी लावा. आय स्वतः स्वर आहे, तो ईचे पहाऱ्याचे काम आपणच करतो, म्हणून होपमधला ई घरी जातो: एच-ओ-पी-आय-एन-जी. पण हॉपची पंचाईत होते. त्यालाही आय चिकटला तर तोही होपिंगच वाचला जाईल. म्हणून मध्ये भिंत घालायची, पी दोन करायचे, म्हणजे पुढच्या आयचा हात मागच्या ओपर्यंत पोचत नाही. दोन पी म्हणजे आखूड ओची राखण.

एवढे सांगितल्यावर थोरली म्हणाली, “म्हणजे तश्दीदच की.”

तश्दीद तिला मक्तबात पहिल्याच कायद्यात शिकवलेली. अक्षर एकदा लिहायचे, वर छोटी खूण, आणि वाचताना दोनदा. इंग्रजीत खूण नाही, म्हणून अक्षरच दोनदा. आम्ही आधी हसलो. मग धाकट्या जावेने थोडे वाचले, आपल्या शहरातल्या एका नातेवाईक प्राध्यापकांना विचारले, तेव्हा कळले की पोरीचे बोलणे वाटले तितके वावगे नव्हते. फार जुन्या इंग्रजीत अशी जोडअक्षरे खरोखर जोर देऊन, दुहेरी उच्चारत असत. पुढे उच्चार एकेरी झाला, लिहिणे दुहेरी राहिले, आणि ते मागचा स्वर आखूड असल्याची खूण बनले. होपच्या शेवटचा ईसुद्धा एके काळी बोलला जाई. तो मुका होऊन साधारण सहाशे वर्षे झाली. बाराव्या शतकात इंग्लंडमध्ये ऑर्म नावाचा एक ख्रिस्ती धर्मगुरू होऊन गेला. त्याने प्रवचनांचा मोठा ग्रंथ पद्यात लिहिला आणि आखूड स्वरानंतरचे व्यंजन जागोजागी दोनदा लिहिले. ऐकणाऱ्यांपुढे वाचताना वाचणाऱ्याची जीभ घसरू नये, हा त्यामागचा हेतू, असे अभ्यासक मानतात.

आपल्याकडे हीच काळजी त्याच्या चारशे वर्षे आधी घेतली गेली होती. इस्लाम अरबस्तानाबाहेर पसरला, अरबी मातृभाषा नसलेले लोक कुरआन वाचू लागले, वाचनात चुका होऊ लागल्या. आधी अबुल अस्वद दुअली यांनी ठिपक्यांनी स्वर दाखवण्याची सुरुवात केली असे सांगतात, आणि आठव्या शतकात बसऱ्याचे व्याकरणकार खलील बिन अहमद यांनी आजची जबर, जेर, पेश आणि तश्दीद ही चिन्हे बसवली. मक्तबातल्या प्रतीत ती सगळी असतात. उर्दू पेपरात ती गाळतात, आणि दादी तरीही धडाधड वाचते, कारण भाषा तिच्या तोंडात आहे. इंग्रजी ही आपल्या मुलांच्या तोंडात नसलेली, जबर-जेर नसलेली भाषा. ती वाचायला जड जाते यात मुलांचे डोके कमी पडते असे कुठे आहे?

तश्दीदवरून गाडी पुढे नून साकिनवर गेली, आणि खरा उपयोग तिथे झाला. ज्या घरांत तज्वीद शिकवली जाते, त्या अम्मींना हे सांगायला नको. नून साकिन कसा वाचायचा ते नूनकडे पाहून ठरत नाही, पुढच्या अक्षराकडे पाहून ठरते. पुढे घशातून निघणाऱ्या ६ अक्षरांपैकी काही आले तर नून स्पष्ट, यरमलूनच्या ६ अक्षरांत मिसळायचा, बे आली तर मीमसारखा, उरलेल्या १५ अक्षरांपुढे नाकात लपवायचा. आमच्याकडची आठ वर्षांची धाकटीसुद्धा नूनवर बोट ठेवून नजर पुढे टाकते. ही सवय उस्तादांनी लावलेली आहे, रोज लावलेली आहे. इंग्रजी शेपटाला हीच सवय लागते: पुढचं अक्षर बघ. शेपटाचे पहिले अक्षर स्वर आहे की व्यंजन? आयएनजी, ईडी, ईआर, एबल स्वराने सुरू होतात. तिथे होपमधला ई जातो. एफयूएल, एनईएसएस, एलवाय, एमईएनटी व्यंजनाने सुरू होतात. व्यंजन काही मागच्या स्वराचा पहारा करत नाही, म्हणून होपफुलमध्ये ई जागेवरच राहतो.

एक खुलासा इथेच केलेला बरा, नाहीतर कुणी वडीलधारे आम्हाला पत्र लिहितील. अल्लाहच्या कलामाची आणि शाळेच्या स्पेलिंगची बरोबरी आम्ही करत नाही, अस्तगफिरुल्लाह. दोन्हींत फरकही मोठा आहे. तज्वीदमध्ये लिखाण जसेच्या तसे राहते आणि उच्चार बदलतो. इंग्रजीत उच्चार तसाच राहावा म्हणून लिखाण बदलावे लागते. आम्ही उसनी घेतली ती फक्त नजर पुढे टाकण्याची सवय.

कारण कळले की ते इतर ठिकाणी आपोआप लागू पडते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले. ‘रायटिंग’मध्ये टी एक आणि ‘रिटन’मध्ये टी दोन का, हे शाळेत कुणी तिला सांगितले नव्हते. एका रात्री तिनेच सांगितले: रायटिंगमधला आय लांब आहे, रिटनमधला आखूड, म्हणून तिथे भिंत. मग हाइड-हिडन, बाइट-बिटन तिने स्वतः काढले. ‘डायनर’ म्हणजे जेवणारा आणि ‘डिनर’ म्हणजे जेवण, यातला एका एनचा फरक तिला फारच आवडला. ‘फॉर्म फिलिंग’ आणि ‘फाइल करणे’ यांतला फरक आम्हालाही त्याच दिवशी नीट कळला, आणि तहसील कचेरीत दोन्ही कामे करून आलेल्या आमच्यासारख्यांना ते आधी का कळले नाही याचे नवल वाटले.

वायचा नियम मात्र मराठीने शिकवला. ‘पाणी’ला ‘ला’ लावला की ‘पाण्याला’ होते. ई जाऊन य येतो. ‘शिंपी’चे ‘शिंप्याला’. इंग्रजी नेमके उलट करते: ‘कॅरी’च्या वायचा ‘कॅरीड’मध्ये आय होतो, ‘हॅपी’च्या वायचा ‘हॅपिनेस’मध्ये आय. ई आणि य ही जवळची भावंडे आहेत, एकमेकांच्या जागेवर बसतात, हे मराठी लिहिणाऱ्या मुलाला नव्याने सांगावे लागत नाही. फक्त दोन गोष्टी वेगळ्या सांगाव्या लागल्या. ‘कॅरींग’मध्ये वाय तसाच राहतो, कारण त्याचा आय केला तर दोन आय शेजारी येतील आणि ते इंग्रजीला खपत नाही, ‘स्कीइंग’सारखा शब्द अपवाद, पण बर्फावरून घसरायला इथे कोण जाते! दुसरे म्हणजे वायच्या आधी स्वर असला तर त्याला हात लावायचा नाही: ‘प्ले’चे ‘प्लेड’, वाय जागच्या जागी. ‘से’चे ‘सेड’ आणि ‘पे’चे ‘पेड’ मात्र हा नियम मानत नाहीत. ते दोन पाठच करायचे.

शिकवायला आम्ही लग्नपत्रिका वापरल्या. आपल्याकडे एका हंगामात किती पत्रिका येतात ते सांगायला नको, आणि जाड कागदाची कोरी पाठ फेकवत नाही. एका गठ्ठ्यावर मूळ शब्द, दुसऱ्यावर शेपटे. मगरिब आणि इशाच्या मध्ये पाच शब्द, जास्त नाही. मुलाने शेपटाची चिठ्ठी उचलायची, तिच्या पहिल्या अक्षरावर बोट ठेवायचे आणि मगच मूळ शब्दाकडे पाहायचे. उत्तरापेक्षा कारण आधी सांगायचे. पी दोन का? मागे एकच स्वर, शेवटी एकच व्यंजन, पुढे स्वर. ‘कीप’मध्ये दोन ई आहेत म्हणून ‘कीपिंग’ला भिंत नको. ‘जंप’च्या शेवटी दोन व्यंजने आधीच आहेत, तिथेही नको. डब्ल्यू, एक्स आणि वाय कधी दुप्पट होत नाहीत. हे सगळे सांगायला अम्मीला इंग्रजी बोलता यावे लागत नाही. अक्षरे ओळखता आली की पुरे. आमच्या शेजारच्या खाला उर्दू चौथी शिकलेल्या आहेत, त्यांनी आपल्या नातवाचे उत्तर बरोबर की चूक ते पाहिलेच नाही, फक्त “का?” एवढे विचारत बसल्या, आणि पोरगा आपली चूक आपणच दुरुस्त करू लागला.

सगळेच असे सुटले नाही. लांब शब्दांत आम्ही अजून अडखळतो. ‘बिगिन’चे ‘बिगिनिंग’ होताना एन दोन होतात, पण ‘ओपन’चे ‘ओपनिंग’ होताना एकच राहतो. कारण बिगिनमध्ये जोर शेवटी आहे, ओपनमध्ये सुरुवातीला. ‘रेफर’ला ईडी लावताना आर दोन, ‘ऑफर’ला एकच, आणि ‘रेफरन्स’मध्ये जोर पुन्हा पुढे सरकतो म्हणून आर एक. मराठी, उर्दू, कोकणी, आपल्या कुठल्याच भाषेत शब्दाच्या एका तुकड्यावर असा हातोडा मारत नाहीत. आपण ऑफर आणि रेफर एकाच चालीवर म्हणतो. इथे नियम ठाऊक असून उपयोग होत नाही, कारण नियम ज्या कानावर उभा आहे तो कानच आपल्याकडे नाही. म्हणून असे पंधरा-वीस शब्द आम्ही सरळ स्वयंपाकघराच्या दारामागे लिहून लावले आहेत. त्यातच ‘नोटिसेबल’, जिथे सीचा आवाज स-सारखा राहावा म्हणून ई टिकतो. ‘पिकनिकिंग’, जिथे सीचा आवाज क-सारखा राहावा म्हणून के आणावा लागतो. आणि ‘आर्ग्युमेंट’, ‘ट्रूली’, ‘नाइन्थ’ हे तीन उनाड, ज्यांनी ई काही कारण नसताना टाकला. अपवाद पहिल्या दिवशी सांगू नयेत, असे आमचे मत झाले आहे. आधी महिनाभर नियमाची गोडी लागू द्यावी. घर ओळखीचे झाल्यावर त्यातला वाकडा कोपरा कुणाला खुपत नाही.

पुढच्या चाचणीत थोरलीला दहापैकी सात मिळाले. शेरा अजून पुसला गेलेला नाही आणि शिकवणी आम्ही लावलेली नाही. मधल्या मुलाला या सगळ्यात रस नाही, त्याला क्रिकेट पुरते; त्याच्या वहीत ‘बॅटिंग’ आणि ‘हिटिंग’ मात्र आता दोन-दोन टीने येतात. थोरलीच्या निबंधात ‘ब्यूटिफुल’ परत आला, एका एलसह. मुरूडच्या समुद्रात उभ्या असलेल्या जंजिऱ्यावर तिने पान भरून लिहिले. तीन चुका होत्या, तिन्ही मोठ्या शब्दांत.

सध्या घरात वाद चालू आहे तो ‘ट्रॅव्हलिंग’वरून. तिच्या अब्बांनी कुवेतहून पाठवलेल्या मेसेजमध्ये एल एक, शाळेच्या पुस्तकात दोन. जोर पहिल्या तुकड्यावर आहे, म्हणजे आम्ही शिकवलेल्या नियमाने एकच हवा. पोरगी पुस्तकावर बोट ठेवून आमच्याकडे पाहत राहिली. शोधता कळले की इंग्लंडमध्ये एलला ही सवलत आहे, तो जोर नसतानाही दुप्पट होतो. अमेरिकेत नोहा वेब्स्टर यांनी १८२८ सालच्या आपल्या मोठ्या शब्दकोशात बरीच स्पेलिंगे आटोपशीर केली, आणि तिकडे एकच एल चालतो. अब्बांचा फोन अमेरिकन इंग्रजीवर लावलेला आहे. शाळेत दोन एल लिही, असे आम्ही तिला सांगितले. अब्बांना तिने कळवले, की तुमचं चूक नाही, तुमच्या फोनचं गाव वेगळं आहे.